लूमवर पहिला स्कार्फ विणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपून हवेत गारवा आला की लूमबद्दलचे प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे दरवर्षी तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. उत्तरं देताना डोळ्यांसमोर प्लास्टिकची, मोठ्या अंतराच्या खुंट्यांची लूम आहे, कारण नव्याने शिकणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा तीच असते. घाई असेल तर निदान प्रश्न 8 वाचा. पहिला स्कार्फ बिघडतो तो बहुधा तिथे सांगितलेल्या कारणाने.

1. लूम म्हणजे नेमकं काय? हातमागासारखं काही असतं का?

नाही. हा गोंधळ आपल्या भाषेमुळे होतो. आपण पैठणीही 'विणतो' आणि स्वेटरही 'विणतो'. येवल्याच्या मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना काटकोनात छेदत जातात. लोकरीच्या विणकामात धागा एकच असतो आणि त्याच्या एका फासातून दुसरा फास ओढला जातो. म्हणून स्वेटर ताणला जातो, पैठणी ताणली जात नाही.

आपण जिच्याबद्दल बोलतोय ती लूम म्हणजे खुंट्या असलेली गोल किंवा लांबट चौकट. सुईवर जसे टाके असतात तसा इथे प्रत्येक खुंटीवर एक टाका बसतो. धाग्याचा नवा वळसा घालायचा आणि जुना फास आकडीने (टोकाला वाकलेल्या छोट्या सळईने) त्याच्यावरून उचलून खुंटीपलीकडे टाकायचा, एवढंच मूळ काम. सुयांऐवजी चौकटीवर फास विणायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी 1589 मध्ये पायमोजे विणायचं यंत्र तयार केलं, तेही मुळात फासातून फास काढण्याचंच काम करत होतं.

2. मला दोन सुयांवर अजिबात विणता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. सुईवरून टाके घसरण्याची जी भीती असते ती इथे खूप कमी आहे, कारण प्रत्येक टाक्याला स्वतःची खुंटी आहे. ज्यांना सुयांवर छान विणता येतं, त्या उलट एका ठिकाणी हमखास अडतात. त्यांच्यासाठी प्रश्न 11 वेगळा ठेवला आहे.

3. गोल लूम घेऊ की लांबट? संचात चार गोल येतात, त्यातली कोणती वापरू?

सपाट स्कार्फ गोल लूमवरही होतो. वर्तुळ पूर्ण करायचं नाही, ठरावीक खुंट्यांवर पुढे-मागे जात राहायचं. गोल लूमवर पुढे कानटोपीही होते, म्हणून एकच गोष्ट घ्यायची तर मी गोल लूम सांगते. संचांमध्ये बऱ्याचदा 24, 31, 36 आणि 41 खुंट्यांच्या लूम असतात. स्कार्फला 12 ते 14 खुंट्या पुरतात, म्हणजे चारींपैकी कोणतीही चालेल. मी 31 किंवा 36 ची घेते. आत हात आणि आकडी मोकळी फिरते.

दुकानात घेत असाल तर प्रत्येक खुंटीच्या डोक्यावरून बोट फिरवा. साच्यातून निघताना प्लास्टिकची बारीक कड राहिलेली असते. ती लोकरीचे तंतू ओढते आणि तुम्हाला वाटतं की आपलाच हात बसत नाहीये. अशी कड नखं घासायच्या फाइलने दोन मिनिटांत जाते.

लांबट लूमवर दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर नागमोडी धागा नेऊन दुहेरी, जाड कापड होतं. ते दोन्हीकडून सारखं दिसतं आणि गुंडाळतही नाही. पण लोकर जास्त लागते आणि चूक उसवणं त्रासाचं असतं. ते दुसऱ्या स्कार्फसाठी ठेवा.

4. लोकर कोणती घेऊ? दुकानदार 'फोर प्लाय' देतो, ती चालेल का?

चालेल, पण दोन पदर एकत्र घेऊन. (फोर प्लाय म्हणजे चार बारीक धागे पिळून केलेली लोकर. इथे तो सगळा मिळून एक पदर धरा.) लूमच्या खुंट्यांमध्ये साधारण दीड ते दोन सेंटिमीटर अंतर असतं. त्यावर एका पदराची फोर प्लाय विणली तर जाळी होते, बोट आरपार जातं. दोन गुंड्यांची टोकं एकत्र धरून एकाच धाग्यासारखी विणा. परदेशात राहणाऱ्यांना लेबलवर जाडीचा आकडा दिसेल. तिथे 6 क्रमांकाची एकेरी लोकर घ्या, किंवा 4 क्रमांकाची दुहेरी.

आपल्याकडे 'लोकर' म्हणून मिळते ती बरीचशी ॲक्रिलिकच असते. लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल अशा कंपन्यांच्या लच्छ्या जवळपास प्रत्येक लोकरीच्या दुकानात दिसतात. पहिल्या स्कार्फला ॲक्रिलिक चांगलंच. धुवायला सोपं, आणि उसवून पुन्हा विणलं तरी टिकतं. टाळायच्या गोष्टी तीन. झुपकेदार, केसाळ लोकर, कारण तिच्यात टाके दिसत नाहीत. काळा किंवा गडद निळा रंग, कारण रात्री ट्यूबलाइटखाली फास ओळखता येत नाही. आणि सुती दोरा. तो ताणला जात नाही, त्यामुळे फास उचलताना सगळा जोर मनगटावर येतो.

5. एका स्कार्फला किती लोकर लागेल?

साधारण 18 सेंटिमीटर रुंद आणि 150 सेंटिमीटर लांब स्कार्फला, दोन पदरी विणताना, 200 ते 250 ग्रॅम धरून चाला. पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्वतःचा हिशोब काढलेला बरा. 50 ग्रॅम लोकर विणून झाल्यावर लांबी मोजा. समजा 32 सेंटिमीटर भरली, तर 150 सेंटिमीटरला जवळपास 235 ग्रॅम लागतील. त्यावर झालर, टोकं आणि चुका यांसाठी 30-40 ग्रॅम वाढवा.

सगळी लोकर एकदम घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) सगळ्या लच्छ्यांवर एकच आहे का ते पाहा. त्याच रंगाची, पण दुसऱ्या लॉटची लच्छी दुकानात हुबेहूब दिसते. गळ्यात घातल्यावर मात्र दिवसाच्या उजेडात पट्टा उठून दिसतो.

6. किती खुंट्यांवर टाके घालू?

खुंट्यांमधलं अंतर मोजून रुंदी काढू नका. लूमवरून उतरलं की कापड आक्रसतं. आधी 10 खुंट्यांवर 15 ओळींचा नमुना विणा, काढा, तासभर तसाच ठेवा आणि मग मोजा. 10 टाके 14 सेंटिमीटर भरले, तर एक टाका 1.4 सेंटिमीटरचा. 18 सेंटिमीटरचा स्कार्फ हवा तर 13 खुंट्या. नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण हाच नमुना तुमचा सराव असतो. तो वाया गेला असं मानू नका.

लांबी किती, हेही इथेच सांगते. गळ्याभोवती एक वेढा आणि पुढे दोन टोकं हवी असतील तर 150 सेंटिमीटर पुरतात. दोन वेढे हवे असतील तर घालणाऱ्याच्या उंचीइतकी लांबी धरा.

7. सुरुवात कशी करायची? व्हिडिओत हात इतके भराभर चालतात की कळतच नाही.

13 खुंट्यांचं उदाहरण घेऊ. लूम मांडीवर किंवा टेबलावर ठेवा. धाग्याला सरकफास करा, 15 सेंटिमीटरचं टोक मोकळं सोडा आणि फास लूमच्या कडेला असलेल्या छोट्या खुंटीत अडकवा. तिच्या जवळची मोठी खुंटी ही पहिली.

धागा लूमच्या आतून आणा, पहिल्या खुंटीला बाहेरून वळसा देऊन परत आत न्या, आणि तसाच दुसरीकडे जा. आतून पाहिलं तर प्रत्येक खुंटीमागे धाग्याची फुली दिसली पाहिजे. फुली नाही म्हणजे वळसा अर्धाच पडला. व्हिडिओत याला 'ई-रॅप' म्हणतात. असे तेराव्या खुंटीपर्यंत जा. आता पुढे जायचं नाही. तेराव्याच खुंटीला दुसरा वळसा देऊन उलट फिरा आणि पहिलीपर्यंत परत या.

प्रत्येक खुंटीवर दोन फास झाले. आकडीने खालचा फास उचला, वरच्या फासावरून आणि खुंटीच्या डोक्यावरून नेऊन आतल्या बाजूला सोडा. हे पहिल्या खुंटीपासून सुरू करा, कारण शेवटचा वळसा तिथे आहे. तो अडकला की बाकीचे वळसे सुटत नाहीत. तेरावीपासून सुरू केलंत तर चौथ्या-पाचव्या खुंटीला येईपर्यंत पहिलीवरचा वळसा उलगडलेला असतो.

झाली एक ओळ. फास बोटाने खुंटीच्या तळाशी ढकला, पुन्हा पहिलीपासून तेरावीपर्यंत वळसे घाला, आणि या वेळी तेरावीपासून उचला. चार ओळी झाल्या की छोट्या खुंटीवरचा सरकफास काढून टाका. तो तसाच राहिला तर कोपरा ओढला जातो.

8. खालचा फास उचलतच नाही. आकडी वाकते, बोटं दुखतात. लूम खराब आहे का?

लूम बहुधा ठीक असते. धागा घट्ट ओढला जातोय. सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर पटलं की निम्मे प्रश्न आपोआप संपतात: हात सैल ठेवा.

आपल्याला लहानपणापासून शिवणकामात 'दोरा ओढून घे, टाका बसव' असं सांगितलेलं असतं. लूमवर ते उलटं आहे. टाक्याचा आकार खुंटी ठरवते, तुमच्या ओढण्याने तो सुबक होत नाही. वळसा घालून झाल्यावर फास खुंटीवर वर-खाली सहज सरकला पाहिजे, आकडीचं टोक त्याच्याखाली जोर न लावता शिरलं पाहिजे. नाही शिरलं, तर ती ओळ पुढे रेटू नका. वळसे उलगडा आणि पुन्हा घाला, दोन मिनिटांचं काम आहे.

माझा पहिला स्कार्फ सुरुवातीला 18 सेंटिमीटर रुंद होता आणि शेवटी 14. खुंट्या तेवढ्याच, लोकर तीच. जसजशी मी चुकू नये म्हणून सावध झाले, तसतसा हात आवळत गेला. उसवून पुन्हा विणला तेव्हा कळलं की कुठल्या संध्याकाळी मी दमलेली होते ते कापडावरून ओळखता येत होतं.

उपाय साधे आहेत. धागा बोटाभोवती गुंडाळून धरू नका, तळव्यातून नुसता वाहू द्या. गुंडा एखाद्या खोलगट भांड्यात ठेवा आणि दर ओळीआधी दीड-दोन मीटर धागा बाहेर काढून ठेवा, म्हणजे मागून ओढ येत नाही. बॉलपेनची रिफील काढून रिकाम्या नळीतून धागा ओवला आणि त्या नळीने वळसे घातले तर हात एकसारखा चालतो. दुहेरी लोकर त्या नळीतून जात नसेल तर जाड मार्करची नळी घ्या.

9. कुणी 'ई-रॅप' सांगतं, कुणी 'यू-निट', कुणी 'फ्लॅट निट'. यातला खरा सुलट टाका कोणता?

सुलट म्हणजे पुढून इंग्रजी V सारखा दिसणारा टाका. तिन्ही सुलटच दिसतात, फरक घट्टपणाचा आहे. ई-रॅपमध्ये धागा खुंटीला पूर्ण वेढतो, म्हणून टाका सैल येतो आणि त्याच्या पायाशी पीळ पडतो. यू-निटमध्ये धागा खुंटीच्या पुढून जाऊन दोन्ही बाजूंनी आत वळतो, पीळ पडत नाही. फ्लॅट निटमध्ये धागा नुसता पुढे आडवा धरून फास त्याच्यावरून टाकायचा. तो सर्वात घट्ट. पहिल्या स्कार्फभर ई-रॅप वापरा आणि मध्येच पद्धत बदलू नका. बदललेली जागा लगेच दिसते.

10. विणलेली पट्टी दोन्ही बाजूंनी गुंडाळून नळी होतेय. इस्त्री करू का?

इस्त्री करू नका. ॲक्रिलिक गरम इस्त्रीने चपटं, चकचकीत होतं आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

गुंडाळणं ही तुमची चूक नाही. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापडाची पुढची आणि मागची बाजू वेगळ्या ताणाची होते. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे वळते. धुऊन, वजन ठेवून तात्पुरतं सरळ होतं, घातलं की पुन्हा वळतं. खरा उपाय म्हणजे उलट टाका (पुढून आडव्या उंचवट्यासारखा दिसणारा) शिकणं: एक ओळ सुलट, एक ओळ उलट. हे कापड सपाट राहतं आणि दोन्हीकडून सारखं दिसतं.

उलट टाका असा. वळसा घालायचा नाही. धागा खुंटीवरच्या फासाच्या खाली, पुढच्या बाजूला आडवा धरा. आकडी फासामागून वरून खाली घाला, धागा पकडा आणि फासातून वर ओढून नवा फास काढा. जुना फास खुंटीवरून सोडा, नवा खुंटीवर चढवा. हळूच बसवा, ओढू नका. पहिल्या दहा खुंट्यांना वैताग येतो. दुसऱ्या दिवशी हात आपोआप वळतो.

नुसत्या कडांना तीन-तीन टाके आणि दोन्ही टोकांना सहा-सहा ओळी अशा विणीच्या घेतल्या तर गुंडाळणं कमी होतं, पण मधला पट्टा रुंद असेल तर पूर्ण थांबत नाही. उलट टाका अजिबात नको असेल तर प्रश्न 12 पाहा.

11. सुयांवर मी प्रत्येक सुई सुलट विणते आणि सपाट वीण येते. लूमवर तसंच केलं तर गुंडाळतंय. का?

कारण सुयांवर तुम्ही दर ओळीला काम उलटं फिरवता. मागून घातलेला सुलट टाका पुढून उलट दिसतो. लूमवर काम कधीच फिरत नाही, कापडाची पुढची बाजू कायम बाहेरच असते. म्हणून जे दिसायला हवं तेच विणायचं.

यात एक मोठा फायदाही आहे. दोन सुलट, दोन उलट अशी पट्ट्यांची वीण सुयांवर मोजत बसावी लागते. लूमवर उलट टाक्याच्या खुंट्या शेवटपर्यंत उलटच राहतात. त्या खुंट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, की मोजायलाच नको. सुयांसाठी लिहिलेला सपाट नमुना लूमवर विणायचा असेल तर मागच्या बाजूच्या ओळींत सुलटच्या जागी उलट आणि उलटच्या जागी सुलट घ्या.

12. आईला फक्त एकच टाका जमतो. तरी गुंडाळणार नाही असा स्कार्फ होईल का?

होईल, आणि फार सुंदर होतो. 24 खुंट्यांच्या गोल लूमवर वर्तुळ पूर्ण करून गोल-गोल ई-रॅप विणत राहायचं. लांब नळी तयार होते. चपटी केली की दोन थरांचा स्कार्फ. कडाच नाहीत, त्यामुळे बाजूने गुंडाळायला काही उरत नाही. दोन्ही टोकं झालर लावून बंद करा किंवा एकमेकांना शिवून मोठं वर्तुळ करा. निफाड, धुळ्याच्या थंडीत दोन थरांची ऊब खरंच जाणवते. लोकर मात्र तेवढ्याच रुंदीच्या एकेरी स्कार्फच्या जवळपास दुप्पट धरा.

13. बाजूच्या कडा वेड्यावाकड्या येतात. कुठे सैल फास, कुठे गाठ.

प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सोडा. म्हणजे पहिलीवरून परत फिरताना पहिली खुंटी तशीच ठेवून दुसरीपासून वळसे सुरू करा. दुसऱ्या टोकाला तेरावी सोडून बारावीपासून. कडेला वेणीसारखी साखळी पडते. हा टाका दोन ओळींची उंची भरून काढतो, म्हणून वळताना धागा ओढू नका, नाहीतर स्कार्फ कडेने आखडेल.

14. विणता विणता रुंदी कमी होतेय. टाके कमी झाले का?

खुंट्या मोजा. 13 खुंट्यांवर 13 फास असतील तर टाके कमी झालेले नाहीत, हात आवळला आहे (प्रश्न 8). एखादी खुंटी रिकामी दिसली तर टाका सुटला आहे, पुढचं उत्तर वाचा.

15. एक टाका खुंटीवरून निसटला आणि खाली शिडी पडली.

आधी हात थांबवा आणि सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे शिडी आणखी खाली जाणार नाही. मग पुढच्या बाजूने क्रोशाची सुई त्या फासात घाला, शिडीची सर्वात खालची आडवी दोरी पकडा, फासातून पुढे ओढा. नवा फास झाला. मग त्याच्या वरची दोरी. अशा सगळ्या पायऱ्या चढून शेवटचा फास खुंटीवर अडकवा. ई-रॅपमध्ये ही एकच रांग बाकीच्यांपेक्षा थोडी निराळी दिसते, कारण तिला पीळ नसतो. धुतल्यावर फारसं कळत नाही.

सुलट-उलट ओळींच्या विणीत एक दोरी पुढून आणि एक मागून ओढावी लागते. तिथे तीन-चार ओळींपेक्षा खोल शिडी असेल तर मी तरी तेवढ्या ओळी उसवते.

16. गुंडा संपला. नवा धागा गाठ मारून जोडू का?

गाठ मध्यभागी आली तर गळ्याला टोचते आणि कधीतरी सुटतेही. ओळीच्या सुरुवातीला जोडा. जुन्याचं आणि नव्याचं 15-15 सेंटिमीटरचं टोक सोडून नव्याने विणायला लागा. मग मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत टोक ओवून कापडात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने, मग पुन्हा पहिल्या दिशेने लपवा. एकाच दिशेने लपवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. दोन पदरी विणत असाल तर दोन्ही गुंडे एकाच जागी संपू देऊ नका.

रंग बदलायचा असेल तरी हीच पद्धत. सुलट-उलट विणीत नवा रंग सुलट ओळीला सुरू करा. उलट ओळीला सुरू केला तर पुढच्या बाजूला दोन रंगांचे ठिपके मिसळलेले दिसतात.

17. मध्येच उठावं लागलं तर काम कसं ठेवू?

ओळ पूर्ण करून थांबा. काम करायचा धागा छोट्या खुंटीला दोन वेढे देऊन अडकवा आणि खुंट्यांच्या डोक्यांवरून एक रुंद इलास्टिक चढवा. पिशवीतून नेलं तरी फास निघत नाहीत. पुढची ओळ सुलट की उलट, ते कागदावर लिहून ठेवा. महिनाभर लूमवर पडून राहिलं तर त्या ओळीचे टाके किंचित ताणलेले दिसतात, धुतल्यावर बसतात.

18. शेवट कसा बंद करायचा? टोपीसारखा धागा ओवून ओढला तर स्कार्फची चुणी झाली.

ती पद्धत टोपीच्या शेंड्यासाठी आहे, स्कार्फला नाही. स्कार्फचे टाके एकेक करून बंद करायचे. धागा जिथे आहे त्या टोकाची खुंटी पहिली माना. पहिली आणि दुसरी खुंटी विणा. दुसरीचा फास काढून पहिलीवर ठेवा. पहिलीवरचा खालचा फास वरच्यावरून टाका. उरलेला फास रिकाम्या झालेल्या दुसरीवर न्या. आता तिसरी विणा, तिचा फास दुसरीवर ठेवा, खालचा फास वरच्यावरून टाका, उरलेला तिसरीवर न्या. शेवटी एक फास उरतो. धागा कापून त्यातून ओढून घ्या. यासाठी स्कार्फच्या रुंदीच्या चौपट धागा आधीच राखून ठेवा.

इथे हात नेहमीपेक्षाही सैल हवा. काम संपत आल्याच्या आनंदात सगळ्यांचा हात इथेच आवळतो.

19. सुरुवातीची कड लोंबते आणि शेवटची आखडलीय. आता काय?

शेवटची कड उसवून सैल बंद करा. सुरुवातीची कड उसवता येत नाही. तिच्यावर क्रोशाने एक साधी साखळी-ओळ घ्या किंवा झालर लावा. झालरीसाठी वहीच्या पुठ्ठ्याभोवती लोकर गुंडाळून एका बाजूने कापा, सगळे तुकडे एकाच मापाचे होतात. चार-चार तुकडे दुमडून क्रोशाने कडेतून ओढायचे आणि त्यांच्याच फासातून टोकं काढून आवळायचे. एकूण कामात घट्ट ओढावी अशी गाठ ही एकच.

20. स्कूटरवर जाताना किंवा लहान बाळाला हा स्कार्फ चालेल का?

दुचाकीवर लांब टोकं मोकळी सोडू नका. ओढणी चाकात अडकते तसाच स्कार्फही अडकतो. प्रसिद्ध नर्तिका इसाडोरा डंकन यांचा 1927 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात मृत्यू झाला, तो गाडीच्या चाकात स्कार्फ अडकूनच. गाडी चालवणाऱ्यांसाठी प्रश्न 12 मधली नळी टोकं जोडून करा आणि जॅकेटच्या आत घाला. लहान बाळासाठी गळ्याचा स्कार्फ विणूच नका, त्याला टोपी विणा.

21. धुवायचा कसा?

कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि टॉवेलवरच आडवा सुकवा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो. खऱ्या मेंढीच्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य, ती आटून घट्ट होते. उन्हाळ्यात ठेवताना खऱ्या लोकरीला कसर लागते, म्हणून ती स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेवा.

22. मी डावखुरी आहे. सगळं उलटं करू का?

आकडी डाव्या हातात धरा आणि सोयीच्या दिशेने फिरा. वळशाची फुली आत पडतेय एवढंच पाहा. सपाट स्कार्फमध्ये तसंही दर ओळीला दिशा बदलतेच.

23. लूम मिळत नाही. घरी करता येईल का?

येईल. लाकडी पट्टीवर दीड-दीड सेंटिमीटरवर बारीक डोक्याचे खिळे सरळ रेषेत ठोका. 14 खिळे आणि कडेला एक जास्तीचा, अडकवायला. पट्टी आधी पॉलिश पेपरने घासा. सपाट स्कार्फला गोल चौकट लागतच नाही. पट्टीवरही फास खिळ्याच्या ज्या बाजूला टाकता ती बाजू शेवटपर्यंत बदलू नका. आकडी म्हणून क्रोशाची सुई चालते.

24. स्कार्फ मनासारखा झाला नाही. उसवून लोकर पुन्हा वापरता येईल का?

नक्की येईल. लपवलेली टोकं आधी शोधून मोकळी करा, नाहीतर मध्येच अडकून धागा तुटतो. मग शेवटच्या, म्हणजे टाके बंद केलेल्या बाजूने उसवा. सुरुवातीच्या बाजूने सरळ उसवत नाही. निघालेली लोकर मॅगीसारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लच्छी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि खाली हलकं वजन लटकवून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावरच गुंडा करा, आणि गुंडाही सैल गुंडाळा.